श्वास सोडल्यावरचं माप

हंबीरराव पैलवानांच्या शर्टाचं बटण उडालं तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर पेढा तोंडात धरून उभा होतो. म्हणून मी सांगतो तेवढंच खरं. बाकीच्यांचं ऐकू नका. कोणी म्हणतं बटण पंख्याला लागलं, कोणी म्हणतं भटजींच्या पळीत पडलं. तसलं काही नाही. बटण सरळ गेलं, फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यावर टण्‌कन आपटलं, तिथून वळलं आणि खिडकीतून बाहेर पडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं. पुढं त्याचं काय झालं तेही मला ठाऊक आहे. पण ते त्याच्या जागी सांगतो.

प्रसंग होता पैलवानांच्या मुलीच्या साखरपुड्याचा. मुलगी प्रियदर्शनी, जनावरांची डॉक्टर. मुलगा आदर्श, कुरुंदवाडचा, वडलांबरोबर खतांचं दुकान चालवणारा. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, घरच्यांना नुसती मान हलवायची होती. सगळं गोडीत चाललं होतं. मग कोणीतरी म्हणालं, व्याह्यांनो, भेटा की! कुरुंदवाडचे गणपतराव हात पसरून पुढं आले, आमच्या पैलवानांना त्यांनी मिठी मारली, आणि जरा जोरातच मारली. पैलवानांचा कोंडून धरलेला श्वास सुटला. एक बटण गेलं ते सांगितलंच. पाठोपाठ आणखी तीन गेली. आणि इतका वेळ आत दडून बसलेलं पोट, वर्गातून सुटलेल्या पोरांसारखं बाहेर आलं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ पाहुण्यांच्या मोबाईलवर स्टेटसला होता. कोणीतरी त्याला हलगीचा ठेका जोडला होता. ठेका बरोबर बटणांवर पडत होता, हे मात्र कबूल करायला पाहिजे.

पैलवान घरी आले, शर्ट काढून म्हशीच्या गव्हाणीवर टाकला आणि जाहीर केलं, "लग्नात मी दारात उभा ऱ्हाणार न्हाय. व्याहीभेट सयाजी घेईल. मी आचाऱ्याजवळ बसतो."

सयाजी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. अंगानं काडी. त्याला कुठलाही शर्ट बसतो.

प्रियदर्शनी म्हैस तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. मग दुसरी विळी काढून ठेवा."

"कशाला?"

"तुम्ही दारात नसला तर मी बोहल्यावर कशाला जाऊ? मी बी बसते की कांदं चिरत."

ही पोरगी बोलली की करते. एकदा आजऱ्याकडं अडलेल्या म्हशीपाशी दोन दिवस, दोन रात्री बसून होती. मालक झोपायला गेला, ही हलली नाही. पैलवानांना ते माहीत होतं. लग्नाला चोवीस दिवस होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, मोठा शर्ट घ्यायचा. घेऊन बघितला. तयार कपड्यांच्या दुकानातला सगळ्यात मोठा शर्ट पोटाला बसला, पण बाह्या गुडघ्याला लागल्या आणि खांदे कोपरावर आले. त्यात पैलवान म्हणजे चादर वाळत घातल्यासारखे दिसत होते. शिंपी म्हणाल तर शहरातले आठ झाले होते. आठही कसलेले. पण पैलवानांचा शर्ट शिवला की सहा महिन्यांत त्या शिंप्याचा बटणांचा धंदा वाढायचा. माझाही वाढायचा, कारण मी केरबा, काज-बटणवाला. शनिवार पेठेत पिठाच्या गिरणीवर रोशनबीचा शिवणक्लास आहे, त्याच्या जिन्याखाली माझं मशीन. चाळीस वर्षांत मी पैलवानांना जेवढी बटणं लावली तेवढी ओळीनं मांडली तर कुरुंदवाडपर्यंत जातील. परत येताना थोडी कमी पडतील.

"रोशनबीकडं चला," मी म्हटलं.

"बायकांच्या क्लासला?"

"मग आचाऱ्याकडं चला."

आले बिचारे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, दूध घालून झाल्यावर, किटलीभर ताक घेऊन जिना चढले. तो जिना तेव्हापासून जरा डावीकडं झुकलेला आहे.

रोशनबीचं वय साठीला टेकलेलं, नाकावर चष्मा, गळ्यात टेप. तिचा एकच नियम: आपलं माप आपणच घ्यायचं, आपला कागद आपणच आखायचा. ब्लाऊज असो, झबलं असो, आधी खाकी कागदावर आपल्या अंगाचा साधा साचा काढायचा, पुढचा भाग, पाठ आणि बाही. तो एकदा बरोबर निघाला की आयुष्यभर त्यावरून काहीही शिवा. पाठीचं माप तेवढं शेजारणीनं घ्यायचं, कारण पाठीला कोणाचाच हात पुरत नाही.

"मी गड्यांची मापं घेत न्हाय," तिनं पैलवानांना दारातच सांगितलं.

"मग?"

"तुम्हीच घ्या की. टेप देते. दुसऱ्याच्या हातात टेप दिली की माणसाचं अंग नाटक करतंय. बसा तिकडं, शालूबाईंच्या शेजारी."

वर्गात अकरा बायका होत्या. बारावे पैलवान. शालूबाई पासष्टीच्या, गावाकडं शेती, इथं मुलाकडं राहायला आलेल्या. त्यांनी पैलवानांकडं वर, आणखी वर बघितलं आणि म्हणाल्या, "पाठीचं माप मला घ्यायचं व्हय ह्यांच्या? शिडी आणा कुणीतरी."

बँकेत नोकरी करणारी स्नेहल म्हणाली, "मावशी, ह्यांना कागद किती लागंल ओ?"

"रोल!" रोशनबी म्हणाली.

पैलवान कानापर्यंत लाल झाले, पण बसले. टेप छातीभोवती गुंडाळली, आकडा वाचला. अठ्ठेचाळीस. पोट छत्तीस. रोशनबीनं शिकवलं तसं छातीचे चार भाग केले, बारा आले. त्यात हालचालीसाठी दीड इंच धरला. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडायची ती गोलाई, तीन वेळा खोडून काढली. खाली गिरणीत ज्वारी पडली की वरची फळी थरथरते आणि सरळ रेघेचा नागोबा होतो, म्हणून मधेच खिडकीतून ओरडायचे, "थांबीव रं जरा! मुंढा काढतोय!" गिरणीवाला भिऊन पट्टा काढायचा. तीन दिवसांत गल्लीतली निम्मी दळणं खोळंबली.

चौथ्या दिवशी त्यांनी त्या कागदावरून मांजरपाटाचा कच्चा शर्ट कापला, टाके घालून अंगात चढवला. समोर टाचण्या लावल्या. अकरा बायका बघत राहिल्या. काय बसला होता! जणू अंगावरच विणलाय.

"जमलं की ओ पैलवान!" स्नेहल म्हणाली.

पैलवान "हां" म्हणाले. आणि 'हां' म्हणायला श्वास सोडावा लागतो. टर्रर्र! टाचण्या चहूकडं उडाल्या. एक माझ्या टोपीत अडकली, ती मी अजून काढलेली नाही.

रोशनबी हसली नाही. ती पैलवानांभोवती एक फेरी मारून आली. मग तिनं टेप उचलली आणि नुसती त्यांच्या छातीजवळ नेली. लावली नाही, नुसती जवळ. तर पैलवानांची छाती भात्यासारखी वर आली आणि पोट पाठीला जाऊन चिकटलं. टेप लांब नेली, छाती खाली. जवळ आणली, वर. लांब, खाली. असं चार वेळा केलं. बायकांना तो खेळच झाला.

"कवापास्नं हाय हे?" तिनं विचारलं.

"काय?"

"टेप बघितली की फुगायचं."

पैलवान खाली स्टुलावर बसले. स्टूल करकरलं. म्हणाले, "तालमीत नऊ वर्षांचा असताना गेलतो. वस्ताद दर रविवारी सुतळीनं छाती मोजायचे. गेल्या रविवारपेक्षा जास्त भरली तर मूठभर बदाम. कमी भरली तर नुसतंच बघायचे. काय बोलायचे न्हाईत, नुसतं बघायचे." गुडघे चोळत म्हणाले, "मला ते बघणं सोसायचं न्हाय. मग सुतळी दिसली की मी दम भरून ठेवायला लागलो. आता अंगच ऐकत न्हाय."

तर असं होतं. आठ शिंपी चुकीचे नव्हते. आठांनीही पैलवानांच्या भरलेल्या श्वासाचं माप घेऊन शर्ट शिवले होते, आणि त्या शर्टात राहायला मात्र श्वास सोडलेला माणूस जायचा.

मग उपाय सुरू झाले. जेवताना टेप लावून बघितली; घास तोंडात धरून फुगले. दुपारी म्हशींच्या गोठ्यात घोरत पडले होते तेव्हा प्रियदर्शनीनं हळूच टेप सरकवली. झोपेतच छाती वर आली, आणि खोटं वाटेल, पण शेजारच्या म्हशीनंही पोट आत घेतलं. असे दिवस गेले. लग्न आठ दिवसांवर आलं. पत्रिका वाटून झाल्या. प्रियदर्शनीनं खरंच दोन विळ्या धार लावून आणल्या आणि दाराशी टेकवून ठेवल्या.

त्या दिवशी पैलवान क्लासला आले ते ताकाची किटली न घेताच. टेप गुंडाळून रोशनबीच्या टेबलावर ठेवली. "न्हाय जमणार, रोशनबी. माझं अंगच खोटारडं हाय. पोरीला सांगतो, रागावली तर रागावू दे."

"बसा," रोशनबी म्हणाली.

"न्हाय, जातो."

"बसा म्हणते न्हवं!"

वस्तादानंतर त्यांना असं दटावणारं कोणी भेटलं नसावं. बसले. रोशनबीनं कपाटातून एक जुनी वही काढली, तिच्या स्वतःच्या साच्याची. पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. "हे वाचा. कंबर किती लिवलीया?"

"तीस," स्नेहलनं वाचलं आणि चष्म्यावरून रोशनबीच्या कमरेकडं बघितलं.

"निकाह झाला तवा तीस होती. दर वर्षी नवीन कागद काढते आणि तीसच लिवते. मग कापताना गुपचूप चार इंच सोडते. तीस वरसं तुम्हाला शिकवतीया, आपलं माप खरं लिवा म्हणून." तिनं वही मिटली. "आता तुम्ही बोला गं."

मग शालूबाई म्हणाल्या, "मी दंडातला दीड इंच खाल्लाय."

स्नेहल म्हणाली, "मी पोटातलं दोन. पण ते लग्नाआधीचं हाय."

मग बांधच फुटला. कोणी एक, कोणी तीन, एकीनं तर उंची वाढवून लिहिली होती. रोशनबीनं फळ्यावर बेरीज केली. चोरलेले सगळे इंच एकत्र केले तर एक अख्खी बाई उभी राहिली असती, आणि तीही चांगली धडधाकट. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

पैलवानही हसले. पण त्यांचं हसणं नाकातून असायचं, फुस्‌ फुस्‌. छाती जागची हलायची नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून हे बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं, ह्या माणसाला नऊ वर्षांचा असल्यापासून पोट धरून हसताच आलेलं नाही.

रोशनबीनं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांची शेजारीण, तिला बोलावं लागत नाही. तिनं टेप पैलवानांच्या हातात दिली. "पोटाभोवती धरा. ढिली. फुगा पायजे तेवढं, पण सोडू नका. केरबाअण्णा काय सांगतात ते ऐका."

"काय सांगतोस, केरबा?" पैलवान फुगलेले.

"तुमच्या बटणाचं सांगायचं ऱ्हायलंय," मी म्हटलं. "ते पन्हाळ्याला गेलं."

"गप ए."

"ऐका तरी. तटावर एक पुण्याचं पावणं उभं होतं. वय एकोणसाठ. बायको फोटो काढतीया, म्हणतीया, 'अहो, हसा.' पावण्यानं हसायला तोंड उघडलं, आणि तुमचं बटण गपकन आत."

फुस्‌ फुस्‌.

"दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला. म्हणाला, 'नाणं म्हणावं तर चार भोकं हाईत. दोरा बी हाय. आणि दोऱ्याची गाठ बघून सांगतो, ही शनिवार पेठेतल्या केरबाची गाठ. हे निघायचं न्हाय.'"

पैलवानांचे खांदे हलले.

"पण खरी गंमत फुडंच हाय. बटणात तुमचा दम शिल्लक होता. पावण्याची छाती फुगायला लागली. सोमवारी दोन इंच. मंगळवारी चार. शुक्रवारी पावणं पोलीस भरतीला जाऊन उभं! साहेब म्हणाला, 'आजोबा, वय?' पावणं म्हणालं, 'वय नंतर लिवा, आधी छाती मोजा!' साहेबानं टेप लावली, आणि पैलवान, साहेबाच्या हातातली टेप संपली! दुसरी जोडली. ती बी संपली! शेवटी साहेब टेपेचं टोक धरून पावण्याभोवती पळायला लागला आणि—"

आणि पैलवान हसले. नाकातून नाही. तो आवाज आधी पायातून आला, मग पोटात घुमला आणि मग असा बाहेर पडला की खाली गिरणीवाल्यानं आपोआप पट्टा काढला. छाती खाली आली. पोट पुढं आलं. डोळ्यांतून पाणी. आणि हातातली टेप बोटांमधून सरकत, सरकत, सरकत गेली.

"आता वाचा!" रोशनबी ओरडली. "हालू नका! वाचा!"

पैलवानांनी खाली बघितलं. हसू थांबलं.

"शेहेचाळीस," ते म्हणाले. हळूच.

"मोठ्यानं."

"शेहेचाळीस!"

"लिवा."

पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. "रोशनबी, चव्वेचाळीस लिवलं तर न्हाय का चालणार?"

"आँ?" अकरा बायका एकदम.

पैलवानांनी शेहेचाळीस लिहिलं. ठसठशीत लिहिलं, खाली रेघ मारली. मग स्वतःच टेप छातीला लावली. ती वर यायला निघाली. त्यांनी तिच्याकडं, म्हणजे आपल्याच छातीकडं, असं बघितलं की ती परत खाली बसली. चव्वेचाळीस. शालूबाई स्टुलावर चढून पाठ मोजायला गेल्या आणि म्हणाल्या, "उजवा खांदा पाऊण इंच खाली हाय की ओ तुमचा." चाळीस वर्षं त्याच खांद्यावर वैरणीचा भारा. आठ शिंप्यांना तो दिसला नव्हता, कारण फुगल्यावर दोन्ही खांदे सारखे होत.

नवा कागद पसरला. छातीचे चार भाग, अकरा. पोटाचे चार भाग, साडेअकरा. दोन्हीत हालचालीचा दीड दीड इंच. उजवा खांदा वेगळा, डावा वेगळा. दुपारी तीनला पैलवानांनी कात्री चालवली आणि तो साचा भिंतीला टाचण्यांनी लावून लांबून बघितला. पोटाशी रुंद, एका खांद्यात झुकलेला, खाकी रंगाचा माणूस भिंतीवर उभा होता.

"ह्यो मी व्हय?"

"व्हय," शालूबाई म्हणाल्या.

पैलवानांनी जवळ जाऊन त्याचा उतरलेला खांदा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "बरा हाय की."

पांढऱ्या कापडावर साचा ठेवून त्यांनीच कापलं. लांब शिवणी त्यांनीच मारल्या, मशीनचा पायटा दोनदा निखळला. कॉलर तेवढी रोशनबीनं बसवली. सात काजं माझी. हालचालीसाठी सोडलेला दीड इंच बघून मी म्हटलं, "पैलवान, आता माझा धंदा बुडाला." ते म्हणाले, "चहा पी."

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारात हंबीरराव उभे होते. फेटा, धोतर आणि तो शर्ट. मागं सगळा क्लास, नव्या साड्यांत, आपापल्या खऱ्या मापाच्या ब्लाऊजांत. वर नवरीच्या खोलीच्या खिडकीत प्रियदर्शनी, मुंडावळ्या सावरत वाकलेली.

कुरुंदवाडकरांच्या गाड्या आल्या. बँड वाजला. तोच फोटोवाला पुढं झाला आणि ओरडला, "पैलवान, छाती फुडं!"

मी बघितलं, श्वास आत गेला. छाती वर आली. खांदे सारखे झाले. रोशनबीनं माझा दंड आवळला. पाच बोटांची खूण अजून आहे. पैलवानांची नजर वर खिडकीकडं गेली. प्रियदर्शनीनं तिथून नुसता हात पोटापाशी नेला आणि खाली सोडला.

फूऽऽस! एस.टी. थांबताना करते तसा आवाज झाला. श्वास सुटला, पोट आपल्या जागेवर आलं, आणि जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. एक बटण हललं नाही. पैलवानांनी हात पसरले.

आता गणपतरावांचं ऐका. साखरपुड्यात आपण पैलवानांची बटणं उडवली याचा त्यांना तिकडं भारी अभिमान चढला होता. पैलवानाच्या तोडीचं दिसायचं म्हणून गळ्यापर्यंत बंद कोट शिवला होता, आणि शिंप्यापुढं माप देताना त्यांनी काय केलं असेल ते तुम्हाला आता सांगायला नको. ते छाती फुगवून आले, मिठी मारली, आणि पैलवानांनी, मनापासून, जरा दाबलं.

टण्!

कॅमेऱ्यावर. त्याच जागी.

कोणी हसायच्या आत पैलवानांनी त्यांना असं पोटाशी धरलं की पुढून मागून गणपतराव दिसेचनात. मिठी न सोडता पैलवान बाजूबाजूनं सरकत, बँडच्या तालावर, त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेले. लोकांना वाटलं, आमच्याकडची काहीतरी रीत असेल. रोशनबी मागोमाग टाचण्या घेऊन धावली. मी काज बघायच्या निमित्तानं आत शिरलो, म्हणून ऐकलं.

"पावणं," पैलवान हळूच म्हणत होते, "आधी श्वास सोडा."

"लोकांनी बघितलं का ओ?" गणपतरावांचा चेहरा पडलेला.

"कुणी न्हाय बघितलं. सोडा तुम्ही."

गणपतरावांनी सोडला. उरलेली दोन बटणंही गेली. पैलवानांनी स्वतः वाकून त्यांचा कोट टाचला आणि म्हणाले, "सोमवारी अकराला क्लासला या. खाकी कागद माझ्याकडं हाय."

लग्न लागलं. कांदे आचाऱ्यानंच चिरले. व्हिडिओ आला तो बघितला, त्यात व्याहीभेटीला नुसती पैलवानांची पाठ दिसते, पण पाठीची शिवण काय सरळ आलीय, बघत राहावी. गणपतराव आता दर सोमवारी पहिल्या एस.टी.नं येतात. त्यांचं पहिलं माप घ्यायला मला तीन गोष्टी सांगाव्या लागल्या.

कोटाचं ते पहिलं बटण मात्र अजून सापडलेलं नाही. कॅमेऱ्यावरून वळून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं, एवढं मी बघितलं. त्यामुळं ह्या आठवड्यात कोणी पन्हाळ्याला जाणार असाल, तर तटावर फिरताना जरा तोंड मिटून फिरा.